कुलूप नसलेला मोबाईल व आगाऊ भरलेला पैसा

सुताराकडून पेटी करवून घेतली म्हणजे तिला कोणतें कुलूप लावावें हें आपण ठरवितों. सायकल विकत घेतली म्हणजे तिच्या चाकांत हवा कोणाच्या दुकानीं भरावी अशी सक्ति विकणारा आपणांवर करीत नाहीं. दाम दिला, वस्तु आपली झाली. हा व्यवहार इतका जुना व इतका सरळ आहे कीं त्याचा कोणी विचारही करीत नाहीं. परंतु आपल्या काळांत एक वस्तु घरोघर अशी आली आहे कीं तिच्या बाबतींत मात्र विचारावें लागतें, ‘दाम तर दिला, पण वस्तु आपली झाली काय?’ ती वस्तु म्हणजे मोबाईल.

मोबाईल हें नांव वाचतांच आमचे विद्यार्थी पान उलटतील अशी मला धास्ती वाटते. त्यानें डोळे बिघडतात, झोंप मोडते, अभ्यास बुडतो, हें आम्ही शिक्षक वर्षभर सांगत असतों. त्याची पुनरुक्ति या अंकांत करण्याचा माझा मुळींच हेतु नाहीं. मला बोलावयाचें आहे तें मोबाईलच्या व्यवहाराविषयीं. मुलें तो वापरतात व आईबाप त्याचे पैसे भरतात. पण पैसे कशाचे भरले जातात व मोबाईलवर धनीपण कोणाचें, हें पुष्कळ घरांत ना मुलांस ठाऊक असतें ना आईबापांस.

या विषयाकडे माझें लक्ष एका पालकबाईंनीं वेधलें. गेल्या वर्षीं प्रवेशाच्या दिवसांत त्या मुलीचा दाखला घेऊन आल्या. बाजारांत भाजी विकून त्या घर चालवितात. काम झाल्यावर त्यांनीं पदरांतून एक मोबाईल काढला व संकोचानें म्हणाल्या, “सर, भावानं मुंबईहून हा फोन दिलाय. पण आमच्या वाडीवर ह्या कंपनीला रेंज नाय. दुसरं कार्ड टाकलं तर चालंल का? दुकानदार म्हणतो, चालणार नाय, नवा घ्या. आठ हजार सांगतो.” मीं माझ्या मोबाईलमधलें दुसऱ्या कंपनीचें कार्ड काढून त्यांच्या मोबाईलमध्यें घातलें. मिनिटभरांत जाळें दिसूं लागलें व माझ्या घरीं घंटी वाजली. आठ हजार रुपये म्हणजे त्या घराची पुष्कळ दिवसांची भाजीभाकर. ती एका मिनिटांत वांचली. त्या दुकानदारास ठाऊक नव्हतें कीं त्यानें जाणूनबुजून तसें सांगितलें, हें मी सांगूं शकत नाहीं. परंतु बाईंस ठाऊक असतें तर त्यांस कोणाकडे विचारावयास जावें लागलें नसतें, एवढें खरें.

आतां हें कार्ड म्हणजे काय व कुलूप म्हणजे काय तें पाहूं.

मोबाईलमध्यें दोन निरनिराळ्या वस्तु एकत्र आलेल्या असतात. एक यंत्र, व दुसरी आपण ज्यास सिम म्हणतों ती नखाएवढी चकती. बोलणें, ऐकणें, चित्रें दाखविणें हीं कामें यंत्राचीं. ‘मी अमुक कंपनीचा अमुक ग्राहक’ ही ओळख पटविणें हें चकतीचें काम. चकतीच्या पोटांत बहुधा १५ आंकड्यांची एक संख्या असते. तिचे पहिले तीन आंकडे देशाचे. भारताचे ४०४ व ४०५. ब्रिटनचे २३४ व २३५. अमेरिकेचे ३१० पासून पुढें. त्यांच्या मागून येणारे आंकडे कंपनीचे, व उरलेले ग्राहकाचे. पत्रावर जसा जिल्हा, गांव व घर हा क्रम असतो तशीच ही रचना आहे.

कुलूपबंद मोबाईल चालूं होतांच चकतीवरचे हे पहिले आंकडे वाचतो व आपल्याला पढवून ठेवलेल्या आंकड्यांशीं ताडून पाहतो. जुळले तर दार उघडतो. न जुळले तर ‘ही चकती चालणार नाहीं’ असें सांगून मुकाट बसतो. यंत्रांत बिघाड कांहींच नसतो. देवडीवरच्या पहारेकऱ्यास धन्यानें ‘आपल्या माणसांखेरीज कोणास आंत सोडूं नको’ अशी ताकीद द्यावी, तसा हा प्रकार आहे. ज्या मोबाईलला असा पहारेकरी नाहीं तो कुलूप नसलेला, म्हणजे अनलॉक्ड मोबाईल. त्याला कोणत्याही कंपनीची चकती चालते.

हें कुलूप निर्माण कां झालें? पाश्चात्य देशांत पुष्कळ काळ अशी रीत होती कीं कंपनी ग्राहकाला महाग मोबाईल स्वस्तांत किंवा फुकट देई व त्याच्याकडून वर्ष दोन वर्षें दरमहा ठराविक रक्कम घेण्याचा करार करून घेई. मोबाईलची किंमत त्या मासिक रकमेंतून वसूल होई. ग्राहक मध्येंच दुसरीकडे जाऊं नये म्हणून यंत्राला कुलूप. व्यापाऱ्याच्या दृष्टीनें यांत अन्याय नव्हता. दिलेला पैसा परत मिळेपर्यंत त्यानें तारण ठेवलें इतकेंच. परंतु कर्ज फिटल्यावरही सावकारानें तारण सोडूं नये, तसें पुष्कळदां होऊं लागलें. अमेरिकेंत तर २०१३ सालच्या जानेवारीपासून असा नियम लागूं झाला कीं, नवीन घेतलेल्या मोबाईलचें कुलूप कंपनीच्या परवानगीवांचून काढणें बेकायदा ठरावें. त्यावर एक लाखाहून अधिक लोकांनीं सरकारकडे अर्ज केला, व २०१४ सालच्या ऑगस्टमध्यें अध्यक्ष ओबामा यांनीं सही केलेल्या कायद्यानें ग्राहकाचा तो हक्क त्याला परत दिला. कॅनडानें २०१७ सालीं व ब्रिटननें २०२१ सालीं त्याहून पुढें जाऊन कंपन्यांनीं कुलूपबंद मोबाईल विकूंच नयेत असा नियम लागूं केला.

आपल्या देशाची गोष्ट निराळी आहे. ३१ जुलै १९९५ या दिवशीं कलकत्त्याहून ज्योति बसु यांनीं दिल्लीस सुखराम यांच्याशीं मोबाईलवरून पहिलें संभाषण केलें. त्या काळीं बोलणाऱ्यालाही पैसे पडत व ऐकणाऱ्यालाही पडत. ‘मिस्ड कॉल’ देऊन निरोप पोंचविण्याची आपली राष्ट्रीय युक्ति त्याच टंचाईंतून जन्मास आली. २००३ सालच्या मे महिन्यापासून ऐकणाऱ्याचा भार उतरला, आणि मोबाईल श्रीमंतांच्या हातून रिक्षावाल्याच्या व शेतमजुराच्या हातांत आला. येथें मोबाईल बाजारांतून पुऱ्या किंमतीला घ्यावयाचा व चकती वेगळी घ्यावयाची, अशी रीत प्रथमपासून रूढ झाली. म्हणून येथें विकले जाणारे बहुतेक मोबाईल कुलूप नसलेलेच असतात. अपवाद झाले, कांहीं कंपन्यांच्या जुन्या मोबाईलमध्यें चकतीच नसे, ग्राहकाची ओळख यंत्रांतच भरलेली असे, आणि २०१७ सालीं निघालेला जिओफोन एकाच कंपनीच्या चकतीवर चालणारा होता. पण ते अपवादच. जें स्वातंत्र्य मिळविण्यासाठीं अमेरिकेच्या लोकांस अर्ज व कायदे करावे लागले, तें आपल्या भाजीवाल्या बाईंच्या पदरांत आधींच होतें. तें आहे हें मात्र त्यांस कोणी सांगितलें नव्हतें.

आमच्या शाळेच्या दोन माजी विद्यार्थिनी परिचारिकेचें शिक्षण घेऊन परदेशीं गेल्या. एक ब्रिटनमध्यें गेली. जातांना तिनें येथलाच मोबाईल नेला, तेथें उतरल्यावर आगाऊ पैसे भरण्याची एक चकती घेतली व त्याच रात्रीं आईशीं बोलली. दुसरी अमेरिकेस गेली. तिला तेथें एक मोबाईल फारच स्वस्त मिळाला. कांहीं महिन्यांनीं वडील आजारी पडले म्हणून ती घाईनें गांवीं आली, तेव्हां येथली चकती त्यांत चालेना. वडील रुग्णालयांत, नातेवाईक चार गांवांस पांगलेले, आणि हिच्या हातांत मोठा सुंदर पण मुका मोबाईल! तीन दिवस ती शेजाऱ्यांच्या मोबाईलवरून बोलत होती. स्वस्त वस्तूची उरलेली किंमत अशी कधीं कधीं भलत्याच वेळीं वसूल होते. ज्यांचीं मुलें परदेशीं जाणार आहेत त्या पालकांनीं हें ध्यानांत ठेवावें. तिकडे मोबाईल घेण्यापूर्वीं ‘याला कुलूप आहे काय, आणि असल्यास तें केव्हां व कोणत्या अटीवर निघेल?’ हा एक प्रश्न अवश्य विचारावा.

कुलूप नाहीं एवढ्यानें सर्व झालें असेंही नाहीं. दार उघडें असलें तरी पाहुण्याची भाषा घरांत कळली पाहिजे. कंपन्यांचीं जाळीं निरनिराळ्या पिढ्यांचीं आहेत. जिओचें जाळें चौथ्या पिढीपासूनच सुरू होतें. म्हणून केवळ दुसऱ्या पिढीचा, बटणांचा जुना मोबाईल कितीही मोकळा असला तरी त्यावर तें चालत नाहीं. अमेरिकेंत २०२२ सालीं मोठ्या कंपन्यांनीं तिसऱ्या पिढीचीं जाळीं बंद केलीं, तेव्हां चांगले धडधाकट मोबाईलही निरुपयोगी झाले. यासाठीं मोबाईल घेतांना आपल्या वस्तींत ज्या कंपनीचें जाळें चांगलें पोंचतें तिची चकती त्यांत घालून, एकवार बोलून पाहावें, हाच उत्तम मार्ग.

आतां आगाऊ भरलेल्या पैशांकडे वळूं. ज्यास आपण प्रीपेड म्हणतों त्या पद्धतींत पैसा आधीं व सेवा मागून. पोस्टपेडमध्यें सेवा आधीं व बिल मागून. आपल्या देशांतील बहुतेक ग्राहक पहिल्या पद्धतीचे आहेत. मला स्वतःला ही पद्धति आवडते. हातांत आहे तेवढेंच खर्चावयाचें, ऋण करावयाचें नाहीं, महिन्याच्या शेवटीं कोणाचें बिल येऊन छातींत धडकी भरावयाची नाहीं. बुरूज बांधण्यापूर्वीं बसून खर्चाचा हिशेब करणाऱ्या मनुष्याचा शुभवर्तमानांतील दृष्टांत आमच्या मुलांस ठाऊक आहेच. परंतु हिशेब करणें म्हणजे जाहिरातींतील मोठा आंकडा वाचणें नव्हे.

एकदां मीं सातवीच्या वर्गांत फळ्यावर एक प्रश्न लिहिला. ‘महिन्याचा रिचार्ज वर्षांतून किती वेळां करावा लागतो?’ साऱ्या वर्गानें एका स्वरांत उत्तर दिलें, “बारा वेळां!” मागच्या बाकावरील एक मुलगी, जी एरवीं गणितांत मागें असते, ती उठून म्हणाली, “सर, तेरा वेळां. आमचे बाबा दर वेळीं म्हणतात, एवढ्यांत कसा संपला?” तिचें उत्तर बरोबर होतें. पुष्कळ योजनांचा महिना २८ दिवसांचा असतो. तेरा वेळां अठ्ठावीस म्हणजे ३६४. बारा महिन्यांच्या वर्षांत ग्राहक तेरा महिन्यांचे पैसे भरतो, व वर्षाचा एक दिवस तरीही उरतोच! ही तक्रार देशभर झाली, व २०२२ सालच्या जानेवारींत ट्रायनें, म्हणजे या धंद्यावर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी मंडळानें, असा हुकूम काढला कीं प्रत्येक कंपनीनें पुऱ्या ३० दिवसांची व दर महिन्याच्या त्याच तारखेस येणारी अशाही योजना ठेवाव्या. त्या असतात, परंतु शोधणारालाच सांपडतात.

म्हणून मुलांस मीं एक साधी कसोटी सांगितली. योजनेची किंमत तिच्या दिवसांनीं भागावी. समजा, एक योजना २८ दिवसांस २८० रुपयांची आहे व दुसरी ८४ दिवसांस ७५६ रुपयांची. पहिलींत दिवसाला १० रुपये पडतात, दुसरींत ९. दुसरी स्वस्त, हें उघड आहे. पण त्याच तासाला एका मुलानें विचारलें, “सर, ७५६ रुपये एकदम नसले तर?” या प्रश्नावर वर्ग स्तब्ध झाला, व मीही थोडा वेळ गप्प राहिलों. हा केवळ भागाकाराचा प्रश्न नाहीं. जो वाण्याकडून रोज वाटीभर तेल आणतो त्याला तें डबाभर तेल घेणाऱ्यापेक्षां महाग पडतें. गरिबाला सर्वत्र किरकोळीच्या भावानें जगावें लागतें. तेव्हां मीं वर्गाला सांगितलें कीं, दोन योजनांतील तो रोजचा एक रुपया ही गरिबीवरची पट्टी आहे. आणि ती चुकविण्याचा मार्ग असेल तर दर आठवड्याला थोडें थोडें डब्यांत टाकून मोठी रक्कम आधीं जमविणें हाच. दोन मुलांनीं आपल्या घरीं तसा डबा ठेवल्याचें पुढें मला सांगितलें.

आणखी एक गोष्ट वृद्धांच्या हिताची आहे. ज्यांस केवळ बोलावयाचें व ऐकावयाचें असतें त्यांसही इंटरनेटच्या डेट्यासकट योजना घ्यावी लागे. २०२४ सालच्या डिसेंबरांत ट्रायनें नियम केला कीं कंपन्यांनीं केवळ बोलण्याच्या व संदेशांच्या योजनाही ठेवाव्या, व अशा योजनांची मुदत ३६५ दिवसांपर्यंत असूं शकेल. आजीच्या बटणांच्या मोबाईलवर रोज मिळणारा डेटा कोण वापरतो, याचा घरांत एकदां विचार व्हावा.

आगाऊ पैशाचा एक दोषही सांगितला पाहिजे. तो संपतो तेव्हां आपली वेळ पाहत नाहीं. २०२० सालीं शाळा बंद झाल्या व शिकविणें मोबाईलवर आलें, तेव्हां हजेरीपटाचें खरें कारण मला कळलें. एक हुशार मुलगा महिनाअखेर चार पांच दिवस दिसेनासा होई. चौकशी केल्यावर समजलें कीं बापाची मजुरी बंद, रिचार्ज संपलेला. मुलगा शेजारच्या घराच्या भिंतीशीं बसून त्यांच्या वायफायवर जेवढें ऐकूं येईल तेवढें ऐके, व शेजाऱ्यांनीं दार लावलें म्हणजे तोही वही मिटे. आमच्या मंडळींतील कांहीं कुटुंबांनीं तें ऐकून अशा मुलांचे रिचार्ज आपल्याकडे घेतले. कोणाचा कोणीं भरला हें मुलांस कळूं दिलें नाहीं. पूर्वीं गरीब विद्यार्थ्याच्या फीला व पुस्तकांना जशी मदत करीत, तशीच ही मदत आहे, हें त्या वर्षानें आम्हांस शिकविलें.

मोबाईल मोकळा आणि पैसा आगाऊ, या दोन गोष्टी एकत्र आल्या म्हणजे ग्राहकाच्या हातीं एक सामर्थ्य येतें. तें म्हणजे सोडून जाण्याचें. करार नाहीं, देणें नाहीं, कुलूप नाहीं. मग वाईट सेवा सोसावी कां? नंबर बदलेल या भीतीनें लोक सोसत असत. तीही भीति आतां उरली नाहीं. नंबर तोच ठेवून कंपनी बदलण्याची सोय २०१० सालच्या नोव्हेंबरांत हरियाणांत सुरू झाली व २० जानेवारी २०११ पासून साऱ्या देशांत लागूं झाली. त्याची रीत सोपी आहे. रोमन लिपींत ‘पोर्ट’ हा शब्द व पुढें आपला नंबर लिहून १९०० या क्रमांकावर संदेश पाठवावा. उत्तरीं एक संकेतांक येतो. तो व ओळखीचे कागद घेऊन नव्या कंपनीच्या दुकानीं जावें. मात्र सध्यांच्या कंपनींत ९० दिवस झालेले असावे लागतात, व जुन्या चकतीवरील शिल्लक रक्कम नव्या कंपनीकडे येत नाहीं. म्हणून जुना रिचार्ज संपत आला असतांना बदल करावा. २०२४ सालच्या जुलैंत मोठ्या खाजगी कंपन्यांनीं दर वाढविले, तेव्हां पुष्कळ लोक याच वाटेनें सरकारी बीएसएनएलकडे गेले. कांहीं तेथें रमले, कांहीं जाळें न मिळाल्यामुळें परतले. परंतु जाणें व परतणें हें दोन्ही त्यांच्या स्वाधीन होतें. आमच्या त्या पालकबाईंनींही भावाच्या कंपनीची चकती याच रीतीनें बदलून घेतली. नंबर तोच राहिला, व गिऱ्हाइकांचे निरोप चुकले नाहींत.

स्वातंत्र्याबरोबर जबाबदारी येतेच. एखादी चकती ९० दिवस मुळींच वापरली नाहीं तर कंपनी ती बंद करूं शकते व पुढें तो नंबर दुसऱ्या कोणास मिळूं शकतो. आपलें बँकेचें खातें त्या नंबराला जोडलेलें असेल तर त्याचे गुप्त आंकडे परक्याच्या हातीं जातील. तेव्हां नंबर सोडावयाचा असेल तर आधीं बँकेंत व आधारच्या केंद्रांत नवा नंबर नोंदवावा. जुना मोबाईल विकत घेतांना पावती मागावी, व *#०६# हीं बटणें दाबून येणारा १५ आंकडी क्रमांक पाहावा. रोमन लिपींत ‘केवायएम’ हीं तीन अक्षरें व पुढें तो क्रमांक लिहून १४४२२ वर संदेश पाठविला म्हणजे त्या मोबाईलची सरकारी नोंद कळते. चोरीचा म्हणून बंद केलेला मोबाईल त्यांत ओळखूं येतो. स्वस्त मिळतो म्हणून चोरीचा माल घेणें हें पाप आहे, एवढेंच सांगून मी थांबत नाहीं. तो मोबाईल कोणा गरिबानें हप्त्यांनीं घेतलेला असूं शकतो, हेंही मुलांनीं मनांत आणावें.

विद्यार्थिमित्रांनो, तुमच्या आईबापांपैकीं पुष्कळांस हीं बारीक अक्षरें वाचतां येत नाहींत, किंवा दिवसभराच्या श्रमानंतर वाचण्याचें त्राण उरत नाहीं. तीं वाचावयास तुम्हांस शिकविलें आहे. इंग्रजींत किती गुण पडले यापेक्षां त्या इंग्रजीनें आपल्या आईचे आठ हजार रुपये वांचविले काय, हा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो. येत्या सुटींत एक काम करा. घरांतील प्रत्येक मोबाईलचा वर्षाचा रिचार्ज वहींत मांडा, दिवसानें भागा, कोणास काय लागतें व काय विनाकारण घेतलें जातें तें वडिलांशीं बसून पाहा. शेजारीं कोणी एकटे वृद्ध असतील तर त्यांचाही हिशेब करून द्या, आणि त्याबद्दल कांहीं घेऊं नका. जूनमध्यें शाळा उघडेल तेव्हां ती वही मला दाखवा. त्या हिशेबांत उरलेल्या रुपयांचें घरांत काय झालें, तें ऐकण्याची मला फार उत्कंठा आहे.